रजिस्टरचा पत्ता आणि पिनचा स्वभाव : मायक्रोकंट्रोलरमधील मेमरी-मॅप्ड इनपुट-आउटपुटचा ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : मायक्रोकंट्रोलर, पोर्ट, रजिस्टर, मेमरी-मॅप्ड इनपुट-आउटपुट, पीडीपी-११, ८०५१, एव्हीआर

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या इलेक्ट्रॉनिक्स विषयाच्या अभ्यासक्रमांत ८०८५ मायक्रोप्रोसेसर आणि त्यापाठोपाठ ८०५१ मायक्रोकंट्रोलर यांनी दीर्घकाळ ठाण मांडले. या विषयांच्या प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न हमखास आढळतो : ‘मेमरी-मॅप्ड व आय/ओ-मॅप्ड पद्धतींतील फरक स्पष्ट करा.’ विद्यार्थी कागदावर मधोमध उभी रेघ ओढतो आणि दोन रकाने भरतो. डावीकडे सोळा बिटांचा पत्ता, उजवीकडे आठ बिटांचा, डावीकडे ‘एसटीए’ या आज्ञेला १३ टी-स्टेट, उजवीकडे ‘आउट’ला १०, डावीकडे सर्व अंकगणिती आज्ञा उपलब्ध, उजवीकडे केवळ दोन. उत्तर बरोबर असते व गुणही मिळतात. तथापि हे दोन रकाने कोणी आखले, कोणत्या अडचणीतून आखले आणि त्यांपैकी एक रकाना पुढे जवळजवळ नाहीसा का झाला, हे प्रश्न विचारले जात नाहीत. तंत्रविषयांत इतिहासाला दुय्यम स्थान देण्याची आपली सवय जुनीच आहे.

प्रस्तुत लेखात मायक्रोकंट्रोलरच्या पिना रजिस्टरच्या पत्त्यांमार्फत नियंत्रित करण्याच्या पद्धतीचा मागोवा घेतला आहे. पिनेला मेमरीचा पत्ता देणे ही मुळात एक सोयीची कल्पना होती. परंतु पत्ता मिळाल्याने पिन ही मेमरी होत नाही. मेमरीच्या घरात जे ठेवावे तेच परत मिळते. पिनेच्या बाबतीत तसा भरवसा नाही, कारण तिच्या पलीकडे तार, दिवा, मोटार किंवा माणसाचे बोट असते. पत्ता आणि पिन यांच्यातील ही विसंगती जिथे जिथे उघडी पडली, तिथे तिथे रचनाकारांनी नवी रजिस्टरे, नव्या आज्ञा, प्रसंगी भाषेतील नवे शब्द आणले. या पद्धतीचा गेल्या पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास बहुतांशी या दुरुस्त्यांचा इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

इतर विद्याशाखांतील वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. प्रोसेसर बाहेरच्या जगाशी दोन प्रकारे बोलू शकतो. पहिल्या प्रकारात बाहेरच्या उपकरणांसाठी वेगळ्या आज्ञा व वेगळे क्रमांक असतात. दुसऱ्या प्रकारात उपकरणाची रजिस्टरे मेमरीच्याच पत्त्यांच्या रांगेत बसवली जातात आणि मेमरीत लिहिण्या-वाचण्याच्या नेहमीच्या आज्ञांनीच त्यांच्याशी व्यवहार होतो. गावात एकाच रस्त्यावर सलग घरक्रमांक द्यावेत, पण त्यांपैकी काही क्रमांकांच्या जागी घर नसून नळ, घंटा किंवा फाटक असावे, तसा हा प्रकार आहे. टपालवाल्याच्या दृष्टीने सगळे सारखेच.

पीडीपी-११ आणि एकच रस्ता :

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा पीडीपी-८ हा १९६५ सालचा संगणक पहिल्या प्रकारचा उत्तम नमुना होय. त्याच्या बारा बिटांच्या आज्ञेत पहिले तीन बिट ‘ही इनपुट-आउटपुटची आज्ञा आहे’ असे सांगत, पुढचे सहा बिट उपकरणाचा क्रमांक सांगत आणि उरलेले तीन बिट त्या उपकरणाने काय करावे हे सांगत. म्हणजे उपकरणांची मर्यादा ६४, आणि प्रत्येक उपकरणाच्या बोलीची तऱ्हा निराळी.

१९७० साली आलेल्या पीडीपी-११ ने ही व्यवस्था मोडीत काढली. गॉर्डन बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी स्प्रिंग जॉइंट कॉम्प्युटर कॉन्फरन्समध्ये या यंत्राच्या रचनेवर निबंध सादर केला. प्रोसेसर, मेमरी आणि सर्व उपकरणे ‘युनिबस’ या एकाच मार्गावर जोडण्यात आली व इनपुट-आउटपुटच्या स्वतंत्र आज्ञा रद्द झाल्या. सोळा बिटांच्या पत्त्यांत ६४ किलोबाइट जागा मिळते. त्यातील सर्वांत वरची ८ किलोबाइट जागा उपकरणांसाठी राखून ठेवण्यात आली. कन्सोलच्या कळफलकाचे स्थितिदर्शक रजिस्टर अष्टमान पद्धतीत १७७५६० या पत्त्यावर, त्याचा डेटा १७७५६२ वर, छपाईची स्थिती १७७५६४ वर आणि छापावयाचे अक्षर १७७५६६ वर. स्थितिदर्शक रजिस्टरमधील सातवा बिट १ झाला की उपकरण तयार आहे असे समजावे.

याचा लाभ आज आपल्याला क्षुल्लक वाटेल, पण त्या काळी तो मोठा होता. एक बिट तपासणे, बेरीज करणे, तुलना करणे या ज्या ज्या आज्ञा मेमरीसाठी होत्या त्या सर्व उपकरणांनाही लागू झाल्या. युनिक्स ही प्रणाली याच यंत्रावर वाढली आणि सी ही भाषाही. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या मूळ सांकेतिक मजकुरात कन्सोलचा तो १७७५६० हा पत्ता जसाच्या तसा लिहिलेला आहे. एका पूर्णांकाला पत्ता मानून तेथे किंमत ठेवता येणे हे सीचे वैशिष्ट्य पुढे मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रॅमिंगचा पायाच ठरले.

इंटेलचा वेगळा दरवाजा आणि मोटोरोलाची एक वाट :

मायक्रोप्रोसेसरच्या युगात या दोन परंपरा दोन कंपन्यांच्या नावे चालू राहिल्या. इंटेलच्या ४००४ या १९७१ सालच्या संचात इनपुट-आउटपुटच्या तारा प्रोसेसरवर नव्हत्याच. त्या सोबतच्या रॉम व रॅम चिपांवर होत्या आणि त्यांच्यासाठी खास आज्ञा होत्या. १९७२ च्या ८००८ मध्ये ८ इनपुट पोर्ट व २४ आउटपुट पोर्ट होते. १९७४ च्या ८०८० मध्ये ‘इन’ व ‘आउट’ या आज्ञांसाठी प्रत्येकी २५६ पोर्ट झाले आणि १९७६ च्या ८०८५ ने तीच रीत पाळली. मेमरीशी व्यवहार आहे की पोर्टशी, हे सांगणारी एक स्वतंत्र तार ८०८५ वर ठेवण्यात आली. आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेतील उजवा रकाना तो हाच.

परंतु इंटेलनेच ८०८० च्या माहितीपुस्तिकेत दुसरीही वाट दाखवली होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. पत्त्याची सर्वांत वरची, म्हणजे पंधराव्या क्रमांकाची तार इनपुट-आउटपुटची खूण मानावी, म्हणजे मेमरीची जागा निम्मी होईल पण उपकरणांना मेमरीच्या सर्व आज्ञा वापरता येतील, असा तो सल्ला होता. म्हणजे अभ्यासक्रमातील दोन्ही रकाने मुळात एकाच कंपनीच्या कागदपत्रांतून निघाले आहेत.

मोटोरोलाने १९७४ साली आणलेल्या ६८०० मध्ये इनपुट-आउटपुटची एकही आज्ञा ठेवली नाही. पीडीपी-११ चा प्रभाव येथे स्पष्ट दिसतो. बाहेरच्या जगासाठी सोबत ६८२० ही ‘पेरिफेरल इंटरफेस अडॅप्टर’ चिप देण्यात आली. तिच्या रचनेशी बिल मेन्श यांचे नाव जोडलेले आहे, जे पुढे एमओएस टेक्नॉलॉजीत ६५०२ च्या निर्मितीतही सहभागी झाले. या चिपचे वर्णन थोडे विस्ताराने करणे योग्य होईल, कारण आजच्या मायक्रोकंट्रोलरमधील पोर्टची बरीचशी परिभाषा तिच्यात आधीच दिसते.

६८२० वर आठ-आठ पिनांचे दोन पोर्ट होते. प्रत्येक पिनेची दिशा ठरवणारे ‘डेटा डायरेक्शन रजिस्टर’ होते : बिट १ असल्यास पिन आउटपुट, ० असल्यास इनपुट. रीसेट झाल्यावर सर्व बिट शून्य होत, म्हणजे सर्व पिना इनपुट राहत. वीज आल्याबरोबर एखादी मोटार आपोआप सुरू होऊ नये, यासाठी ही सुरक्षित स्थिती होती. आजही जवळपास सर्वत्र हाच संकेत पाळला जातो. मात्र चिपमध्ये रजिस्टरे सहा आणि पत्त्याच्या तारा दोनच, म्हणजे पत्ते चारच होते. मग तोडगा असा निघाला की दिशेचे रजिस्टर व डेटाचे रजिस्टर एकाच पत्त्यावर राहावीत आणि नियंत्रण रजिस्टरमधील दुसऱ्या क्रमांकाच्या बिटने त्या क्षणी कोणते दिसावे हे ठरवावे. शिवाय डेटा रजिस्टर वाचले की इंटरप्टची खूण आपोआप पुसली जाई.

मेमरीशी असलेले साम्य येथेच दोनदा मोडते. एका पत्त्यावर दोन वस्तू आहेत, आणि नुसते वाचल्याने स्थिती बदलते. मेमरीत यांपैकी काहीच घडत नाही.

ॲपल-२ या १९७७ सालच्या संगणकात याचे टोकाचे उदाहरण सापडते. त्यात षोडशमान सी०३० या पत्त्यावर ध्वनिवर्धक जोडलेला होता. त्या पत्त्याला प्रोसेसरने एकदा स्पर्श केला की ध्वनिवर्धकाचा पडदा एकदा हलतो. तेथून मिळणाऱ्या किमतीला काही अर्थ नसतो. ठरावीक गतीने तो पत्ता पुनःपुन्हा वाचत राहिले की सूर निघतो. वर दिलेल्या दृष्टांताच्या भाषेत सांगायचे तर येथे घरक्रमांक आहे, आत घर नाही, घंटा टांगलेली आहे. टपालवाला पत्र टाको वा नुसता दार ठोठावो, घंटा वाजणारच.

इंटेलने परंपरा बदलली : ८०४८ ते ८०५१

एकाच चिपवर प्रोसेसर, मेमरी आणि पिना असलेला मायक्रोकंट्रोलर आला तेव्हा प्रारंभी खास आज्ञांचीच परंपरा प्रबळ होती. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस१००० मध्ये एखादी आउटपुट तार चढवण्यासाठी ‘सेटआर’ व उतरवण्यासाठी ‘आरएसटीआर’ अशा आज्ञा होत्या. इंटेलच्या १९७६ सालच्या ८०४८ मध्येही २७ इनपुट-आउटपुट तारांसाठी ‘आउटएल’, ‘इन’ आणि पोर्टवर थेट ‘अँड’ व ‘ऑर’ क्रिया करणाऱ्या निराळ्या आज्ञा होत्या.

चारच वर्षांनी, १९८० साली आलेल्या ८०५१ मध्ये इंटेलने हा मार्ग सोडला. त्याच्या रचनेचे श्रेय जॉन व्हार्टन यांना दिले जाते. यात पोर्ट, टायमर, सीरियल व्यवहार यांची सर्व नियंत्रक रजिस्टरे ‘स्पेशल फंक्शन रजिस्टर’ या नावाने षोडशमान ८० पासून पुढच्या पत्त्यांवर बसवली गेली. पोर्ट-० चा पत्ता ८०, पोर्ट-१ चा ९०. एकूण ३२ पिना. अंतर्गत मेमरीसाठी ज्या आज्ञा होत्या त्याच येथे चालू लागल्या आणि प्रत्येक पिनेला स्वतःचा बिट-पत्ताही मिळाला. ‘सेटबी’ आणि ‘सीएलआर’ या आज्ञांनी एक पिन चढवता-उतरवता येते, हे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकात केलेले असते. ज्या कंपनीच्या प्रोसेसरांनी वेगळ्या दरवाजाची परंपरा रुजवली, तिनेच मायक्रोकंट्रोलरमध्ये तो दरवाजा बुजवला.

८०५१ मध्ये दिशेचे रजिस्टर नाही. पिनेवर १ लिहिला की ती अंतर्गत रोधाने हलकेच वर धरली जाते आणि बाहेरच्या मंडलाला ती खाली ओढता येते. म्हणजे १ लिहिणे हेच इनपुटचे कलम. पोर्ट-० मात्र याला अपवाद : त्याला बाहेरून पुल-अप रोध द्यावा लागतो, आणि प्रयोगशाळेत दिवे न लागण्याचे ते एक नित्याचे कारण असते. या रचनेतून एक सूक्ष्म अडचण उद्भवली. समजा एका पिनेला थेट ट्रान्झिस्टरचा बेस जोडला आहे. पिनेवर १ लिहिला, ट्रान्झिस्टर चालू झाला, पण बेसचा दाब सुमारे ०.७ व्होल्टवर अडकून राहिला. आता तीच पिन वाचली तर प्रोसेसरला तेथे ० दिसेल. शेजारची पिन बदलण्यासाठी प्रोग्रॅमने पूर्ण पोर्ट वाचून, एक बिट बदलून परत लिहिला, तर ट्रान्झिस्टरची पिनही ० होऊन बसेल. ज्याला कोणी हात लावला नाही तो दिवा विझेल.

इंटेलने यावर दिलेले उत्तर लक्षणीय आहे. ८०५१ मध्ये पोर्टचा पत्ता एकच, पण त्यामागे दोन गोष्टी आहेत : आपण लिहिलेली किंमत धरून ठेवणारा लॅच आणि प्रत्यक्ष पिन. ‘मूव्ह’सारखी साधी वाचनाची आज्ञा पिन वाचते, परंतु ‘एएनएल’, ‘ओआरएल’, ‘सीपीएल’, ‘आयएनसी’, ‘सेटबी’ अशा वाचून-बदलून-लिहिणाऱ्या आज्ञा लॅच वाचतात. इंटेलच्या माहितीपुस्तिकेत कारण म्हणून ट्रान्झिस्टरच्या बेसचेच उदाहरण दिलेले आहे. म्हणजे एकाच पत्त्याचा अर्थ कोणती आज्ञा विचारते यावर ठरतो. पुढे ८०५२ मध्ये आणखी १२८ बाइट मेमरी द्यायची होती आणि ८० च्या पुढचे पत्ते आधीच व्यापलेले होते. तेव्हा तेच पत्ते दुहेरी करण्यात आले : थेट पत्ता दिल्यास स्पेशल फंक्शन रजिस्टर मिळते, रजिस्टरमार्फत अप्रत्यक्ष पत्ता दिल्यास मेमरी मिळते. या दोन बाबी आपल्या बहुतेक वर्गांत ‘नियम’ म्हणून पाठ करून घेतल्या जातात. त्या नियम आहेत हे खरे, पण त्यांमागची अडचण सांगितली तर पाठांतराची गरज उरत नाही, असा प्रस्तुत लेखकाचा वर्गातील अनुभव आहे.

पिक आणि एव्हीआर : एक जुने दुखणे, दोन उपचार

पिक मायक्रोकंट्रोलरचा उगम जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीत झाला. तिचा सीपी१६०० हा सोळा बिटांचा प्रोसेसर पीडीपी-११ च्या वळणाचा होता, पण इनपुट-आउटपुटमध्ये दुबळा. त्याला हातभार लावण्यासाठी १९७० च्या दशकाच्या मध्यास पिकची कल्पना निघाली. मुख्य प्रोसेसर विस्मरणात गेला आणि मदतनीस मात्र टिकला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तो मायक्रोचिप या स्वतंत्र कंपनीचा आधार झाला. पिकमध्ये पोर्ट हे इतर फाइल रजिस्टरांच्या रांगेतच बसतात. दिशेसाठी ‘ट्रिस’ रजिस्टर असते, मात्र त्याचा संकेत ६८२० च्या उलट आहे : येथे १ म्हणजे इनपुट व ० म्हणजे आउटपुट. इंग्रजी अक्षरांशी असलेले या अंकांचे रूपसाम्य लक्षात ठेवण्यास उपयोगी पडते.

पिकच्या आठ-बिटी मध्यम मालिकेत ‘बीएसएफ’ ही आज्ञा एक बिट चढवते असे दिसते. प्रत्यक्षात ती आठही पिना वाचते, एक बिट बदलते आणि आठही परत लिहिते. येथे वाचन लॅचचे नसून पिनांचे आहे. पिनेवर धारकता जास्त असेल आणि दोन ‘बीएसएफ’ आज्ञा लागोपाठ आल्या, तर पहिली पिन अजून वर चढत असतानाच दुसरी आज्ञा तिला ० म्हणून वाचते व तशीच परत लिहिते. कमी गतीवर चालणारा प्रोग्रॅम जास्त गतीवर बिघडतो, आणि सांकेतिक मजकुरात शोधून चूक सापडत नाही, कारण ती तेथे नसतेच. इंटेलने १९८० साली आज्ञांच्या अर्थात जी दुरुस्ती केली, ती मायक्रोचिपने पिक-१८ मालिकेत ‘लॅट’ हे वेगळे रजिस्टर देऊन केली : लिहायचे ते लॅटवर, वाचायचे ते पोर्टवर.

एव्हीआरचे जन्मस्थान नॉर्वेतील ट्राँढाइम. आल्फ-एगिल बोगेन व वेगार्ड वोलान या तेथील विद्यार्थ्यांच्या रचनेतून अॅटमेलची ही मालिका १९९७ च्या सुमारास बाजारात आली. यात सुरुवातीपासूनच प्रत्येक पोर्टला तीन रजिस्टरे आहेत : दिशेसाठी ‘डीडीआर’, लिहिण्यासाठी ‘पोर्ट’, वाचण्यासाठी ‘पिन’. आपण काय सांगितले आणि बाहेर काय आहे, या दोन गोष्टींना दोन पत्ते मिळाले. आजवर एका पत्त्यात कोंबलेले अर्थ येथे वेगवेगळे झाले, ही बाब अध्यापनाच्या दृष्टीनेही मोलाची आहे.

एव्हीआरमध्ये दोन्ही परंपरा एकत्र नांदतात. एटमेगा३२८पी या चिपमध्ये पोर्ट-बीचा इनपुट-आउटपुट पत्ता षोडशमान ०५ आहे आणि मेमरी पत्ता २५. ‘इन’, ‘आउट’, ‘एसबीआय’ या आज्ञा पहिला पत्ता वापरतात. मेमरीच्या आज्ञा दुसरा. दोहोंत २० चे अंतर. ‘एसबीआय’ एका झटक्यात एक बिट चढवते, पण तिचा हात ००पासून १एफ पर्यंतच्या पत्त्यांपुरताच पोहोचतो. मोठ्या एटमेगा२५६० मध्ये पोर्टांची संख्या वाढली आणि काही पोर्ट या टप्प्याबाहेर गेले. परिणामी सीमधील एकाच धाटणीची ओळ पोर्ट-बीसाठी एका आज्ञेत रूपांतरित होते आणि पोर्ट-एलसाठी तीन आज्ञांत : वाचणे, बदलणे, लिहिणे. या तीनांच्या मध्ये इंटरप्ट आला आणि त्यानेही त्याच पोर्टचा दुसरा बिट बदलला, तर तो बदल पुसला जातो. लिहिणाऱ्याला दोन्ही ओळी सारख्याच दिसतात.

पुढे एव्हीआरमध्ये आणखी एक सोय आली : ‘पिन’ या केवळ वाचण्याच्या रजिस्टरवर १ लिहिल्यास संबंधित आउटपुट उलटा होतो. वाचनाच्या पत्त्यावर लिहिणे ही मेमरीच्या हिशोबाने निरर्थक क्रिया; तिलाच येथे अर्थ देण्यात आला.

बत्तीस बिटांचे पर्व :

एआरएम प्रोसेसरमध्ये पहिल्यापासून इनपुट-आउटपुटच्या वेगळ्या आज्ञा नाहीत, शिवाय तो मेमरीवर थेट ‘ऑर’सारखी क्रियाही करीत नाही, प्रथम रजिस्टरमध्ये आणावे, मग बदलावे, मग परत ठेवावे. त्यामुळे वर सांगितलेले तीन पायऱ्यांचे संकट येथे नित्याचे झाले. फिलिप्सच्या एलपीसी२१४८ मध्ये, जो आपल्याकडे पदव्युत्तर प्रयोगशाळांतून पुष्कळ वापरला गेला, त्यावर ‘आयओसेट’ व ‘आयओक्लिअर’ अशी दोन रजिस्टरे आहेत. ज्या बिटांवर १ लिहावा त्या पिना चढतात किंवा उतरतात. ० लिहिलेल्या बिटांवर काहीच परिणाम होत नाही. आधी वाचण्याची आवश्यकताच संपली. २००७ साली आलेल्या एसटीएम३२ मध्ये हे दोन्ही एकाच रजिस्टरमध्ये सामावले : खालचे सोळा बिट चढवण्यासाठी, वरचे सोळा उतरवण्यासाठी. येथे पत्त्यावर लिहिण्याचा अर्थ ‘ही किंमत ठेव’ असा उरलेला नाही; तो ‘हे कर’ असा झाला आहे. पीडीपी-८ च्या आज्ञेतील शेवटचे तीन बिट उपकरणाला ‘हे कर’ असेच सांगत होते, याची येथे आठवण होते.

कॉर्टेक्स-एम३ मध्ये याहून धाडसी तोडगा योजला गेला. उपकरणांच्या पहिल्या १ मेगाबाइट क्षेत्रातील प्रत्येक बिटला स्वतंत्र चार बाइटांचा पत्ता देण्यात आला. त्यासाठी ३२ मेगाबाइट पत्त्यांची जागा खर्ची पडली. चार गिगाबाइटच्या विस्तारात ही उधळपट्टी परवडणारी होती. तरीही ही ‘बिट-बँडिंग’ची सोय कॉर्टेक्स-एम७ मध्ये राहिली नाही. सेट-क्लिअर रजिस्टरांचा साधा मार्ग मात्र टिकला.

भाषेवर उमटलेला ठसा :

हा प्रश्न चिपांपुरता मर्यादित राहिला नाही. १९८९ च्या सी भाषेच्या अमेरिकी प्रमाणकात ‘व्होलाटाइल’ हा शब्द दाखल झाला. एखादा बिट १ होईपर्यंत तेच रजिस्टर पुनःपुन्हा वाचणारे आवर्तन हुशार कंपाइलरला निरर्थक वाटते. मेमरीत कोणी बदल केलाच नाही तर दुसऱ्यांदा कशाला वाचावे? तो एकदाच वाचतो आणि प्रोग्रॅम कायमचा थांबतो. ‘व्होलाटाइल’ हा शब्द कंपाइलरला सांगतो की या पत्त्यावर दिसते ती मेमरी नव्हे. तरीही तीन पायऱ्यांचे संकट या शब्दाने टळत नाही. सी++ च्या २०२० च्या प्रमाणकाने याच कारणास्तव अशा चलांवरील संयुक्त नियोजन क्रिया कालबाह्य ठरवल्या, कारण त्या एकसंध असल्याचा भास निर्माण करतात. एम्बेडेड क्षेत्रातून त्यावर आक्षेप आले, कारण रजिस्टरचा बिट चढवण्याची ती जगभरची रूढ रीत आहे. २०२३ च्या प्रमाणकात बिटांवरच्या त्या क्रिया पुनःस्थापित झाल्या.

२००५ साली इटलीतील इव्रेया येथे जन्मलेल्या अर्दुइनोने, हेर्नांदो बारागान यांच्या ‘वायरिंग’ प्रकल्पाच्या आधारे, हे सर्व ‘पिनमोड’ व ‘डिजिटलराइट’ या दोन शब्दांआड झाकले. त्याचा शैक्षणिक उपकार नाकारता येणार नाही. कलाशाखेचा विद्यार्थीही आज दिवा लुकलुकवू शकतो. अर्दुइनो उनोवरील तेरा क्रमांकाची पिन म्हणजे पोर्ट-बीचा पाचवा बिट. १६ मेगाहर्ट्झवर ‘एसबीआय’ तो १२५ नॅनोसेकंदांत बदलते, तर ‘डिजिटलराइट’ला काही मायक्रोसेकंद लागतात. या विलंबावर टीका बरीच होते. पण त्या फलनाच्या आत डोकावल्यास दिसते की ते प्रथम इंटरप्ट बंद करते, मग पोर्ट वाचून बदलून लिहिते आणि मग इंटरप्टची पूर्वस्थिती परत आणते. कोणता पोर्ट येईल हे आधी ठाऊक नसल्याने एका आज्ञेची सोय त्याला घेता येत नाही. वेळेचा काही भाग जो जातो तो या सावधगिरीपोटी जातो. अर्दुइनो शिकवताना हे फलन उघडून दाखवण्यास एक तासिका पुरते, आणि ८०८५ च्या दोन रकान्यांपेक्षा त्या तासिकेत विद्यार्थी अधिक शिकतात.

सध्या भारतात रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचाकडे विशेष लक्ष दिले जात आहे. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर त्यावर आधारलेले आहेत. वेगा मालिकेतील ‘तेजस३२’ ही चिप ‘एरीज’ नावाच्या बोर्डांवर शिक्षणसंस्थांसाठी उपलब्ध झाली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे २०१० साली सुरू झालेल्या या आज्ञासंचात ‘इन’ नाही व ‘आउट’ही नाही. सर्व पिना मेमरीच्या पत्त्यांवरच आहेत आणि उत्तरपत्रिकेतील उजवा रकाना येथे पूर्णतः रिकामा राहतो. मात्र याच आज्ञासंचात ‘फेन्स’ नावाची एक आज्ञा आहे. आधीचे व्यवहार पुरे झाल्याशिवाय पुढचे सुरू करू नयेत, असे ती प्रोसेसरला बजावते. आणि कोणते व्यवहार, हे सांगण्यासाठी तिच्यात आधीच्या व पुढच्या व्यवहारांकरिता प्रत्येकी चार स्वतंत्र बिट ठेवलेले आहेत : मेमरीचे वाचन, मेमरीचे लेखन, उपकरणाकडून इनपुट आणि उपकरणाकडे आउटपुट.